तिसरा हिस्सा

माझे सासरे, ज्यांना घरातील सारेच मामाजी म्हणतात, हिवताप विभागात क्षेत्र कर्मचारी होते. पुसद, महागाव आणि उमरखेड तालुक्यांतील कितीतरी गावे त्यांनी सायकलवरून पालथी घातली. ताप आलेल्या माणसाच्या बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, घरांच्या व गोठ्यांच्या भिंतींवर फवारणी करायची आणि विहिरींत, हौदांत डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडायचे, असे त्यांचे काम. आपल्या देशात हिवताप नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५३ साली सुरू झाला आणि १९५८ साली त्याला निर्मूलनाच्या मोहिमेचे रूप आले. त्या मोहिमेत खेडोपाडी राबलेल्या असंख्य अनाम माणसांपैकी मामाजी एक. निवृत्तीनंतर ते कायमचे यवतमाळला आले तेव्हा त्यांच्या सामानात एक काचेची टाकी होती, बरणीत वीसेक गप्पी होते आणि गोणपाटाच्या पिशवीत पैनगंगेच्या काठचे काळसर, गुळगुळीत, हरभऱ्याएवढे गोटे होते.

ती टाकी आज वीस वर्षांहून अधिक काळ आमच्या बैठकीत आहे. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी आणि उंची प्रत्येकी ३०. काठोकाठ भरली तर ५४ लिटर पाणी मावते. आता त्यात पोहणारे गप्पी हे त्या बरणीतील माशांच्या कितव्या पिढीचे वंशज आहेत हे सांगणे अशक्य. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी पाण्याचे जे दिवस पाहिले ते कोणी विसरले नसेल. निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली होती आणि नळ कधी येईल याचा नेम नव्हता. त्या दिवसांतही मामाजी स्वतःच्या आंघोळीच्या पाण्यातून तांब्याभर पाणी वाचवून टाकीत घालत आणि टाकीतून काढलेले तांब्याभर पाणी अंगणातील मोगऱ्याला देत. तो मोगरा त्या वर्षीही फुलला.

पुढे मामाजींना स्मृतिभ्रंश जडला. प्रथम माणसांची नावे गेली, मग वार गेले, मग जेवण झाले की नाही हेही आठवेनासे झाले. टाकी मात्र राहिली. सकाळी चहा झाला की ते वेताच्या खुर्चीवर टाकीसमोर बसत, काचेवर बोट टेकवून मासे मोजत आणि म्हणत, "सतरा." मासे कधी पंधरा असत, कधी बावीस, मामाजींचा आकडा सतराच. मग मी उपम्याची बशी त्यांच्या हाती देई आणि माशांकडे पाहता पाहता ती रिकामी होई. स्वयंपाकघरातील टेबलाशी बसवले तर दोन घासांनंतर उठून जाणारा माणूस टाकीसमोर पोटभर जेवे, हे मी पाहत होते, पण त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीआधी मी घर आवरायला काढले. मी शिक्षिका म्हणून ३१ वर्षे नोकरी केली. नीटनेटकेपणा माझ्या अंगात मुरलेला आहे. टाकीच्या तळाशी गाळ साचला होता. एका कोपऱ्यात गोट्यांखाली काळा थर धरला होता आणि तो ढवळला की कुजक्या अंड्यासारखा वास येई. गोटे बदलायला हवे होते, यात शंका नाही. चूक बदलण्यात नव्हती. बदलण्याच्या रीतीत होती. मामाजी दुपारी झोपले असताना मी मासे एका पातेल्यात काढले, टाकी पूर्ण रिकामी केली, काच चुन्याच्या डागांसह घासून काढली आणि फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्यात पिळून पिळून धुतला. पैनगंगेचे गोटे घमेल्यात भरून मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतले. त्यांच्या जागी बाजारातून आणलेली पांढरीशुभ्र संगमरवरी चुरी पसरली, नुकत्याच आलेल्या नळाचे पाणी भरले आणि मासे सोडले. संध्याकाळी दिवा लावला तेव्हा टाकी आरशासारखी चमकत होती. मला फार समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झाले. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले. पाचव्या दिवशी, म्हणजे धनत्रयोदशीच्या सकाळी, मी मामाजी उठण्यापूर्वी तेरा मासे चाळणीने काढले. चार उरले होते.

मामाजी खुर्चीवर बसले. काचेवर बोट टेकवले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, मासे कुठी गेले?" मी काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना पटले नसावे, कारण पुन्हा पांढऱ्या तळाकडे पाहून ते म्हणाले, "हे माही टाकी नोहे." आणि उठून गेले. उपम्याची बशी तशीच राहिली. पुढचे कित्येक दिवस ते त्या खुर्चीकडे फिरकले नाहीत. महिन्याभरात त्यांचे वजन पावणेदोन किलोने उतरले. डॉक्टरांनी विचारले, "घरात काही बदल झाला का?" मी म्हटले, "नाही, विशेष काही नाही."

माझे डोळे उघडले ते आमच्या गल्लीत राहणाऱ्या, प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या एका सरांमुळे. त्यांनी शांतपणे सारे ऐकून घेतले आणि विचारले, "बाई, जुने गोटे धुतले की फेकले?" मी म्हटले, "फेकले. घाण होते ते." सर म्हणाले, "अर्धी घाण होती. अर्धा त्या माशांचा प्राण होता."

त्यांनी जे समजावले ते वाचकांसाठी माझ्या शब्दांत सांगते. मासा श्वासागणिक आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा वायू माशांना विष आहे. वाहत्या नदीत तो विरून जातो, ५४ लिटरच्या टाकीत तो साचतो. तरीही जुन्या टाकीतील मासे जगतात, कारण तेथे दोन प्रकारचे सूक्ष्म जीवाणू अखंड राबत असतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. दुसरे त्याचे नायट्रेट करतात, जे बऱ्याच प्रमाणात माशांना सोसते, वनस्पतींना खत म्हणून लागते आणि पाणी थोडे थोडे बदलले की निघून जाते. मामाजींचा मोगरा त्या दुष्काळात का फुलला, याचे उत्तरही मला येथेच मिळाले. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९० च्या सुमारास या जीवाणूंचे कार्य उलगडून दाखवले. हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते पृष्ठभागांना चिकटून राहतात. फिल्टरचा स्पंज आणि तळाचे गोटे ही त्यांची मुख्य वस्ती. नव्या टाकीत ही वस्ती नांदती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मी एका दुपारी गोटे फेकले, स्पंज साबणाने धुतला आणि क्लोरीनयुक्त पाणी भरले. एकाच वेळी तिन्ही बाजूंनी मी ती वस्ती उठवली होती.

आणखी एक गोष्ट सरांनी दाखवली. त्यांनी माझ्या पांढऱ्या चुरीचे चार खडे बशीत घेऊन त्यांवर व्हिनेगरचे थेंब टाकले. खड्यांवर बुडबुडे फसफसले. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच प्रकार. तो पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पाण्याचा जडपणा व सामू, म्हणजेच पीएच, वाढवतो. आपल्या जिल्ह्यात वणी-मुकुटबन भागात चुनखडीचा दगड विपुल आहे, तेव्हा तिकडून उचलून आणलेल्या खड्यांचीही अशी परीक्षा करावी. गप्पींना जड पाणी मानवते, म्हणून केवळ चुरीने ते मेले असे नाही. पण सामू वाढला की अमोनियाचे विष अधिक तीव्र होते: सामू ७ वरून ८ वर गेला तर अमोनियाचा विषारी अंश जवळजवळ दहापट होतो, आणि पाणी तापले की तो आणखी वाढतो. बोअरच्या जड पाण्यावर आणि आपल्या उन्हाळ्यावर जगणाऱ्या टाकीत चुकीला जागा थोडीच असते.

"आता ही चुरीही बदलायची," सर म्हणाले, "पण यंदा घाई करायची नाही. तिच्यावर आता तीन महिन्यांचे जीवाणू बसले आहेत. एका वेळी तिसरा हिस्सा. दोन हिश्श्यांमध्ये तीन आठवडे."

पहिला प्रश्न गोटे कोठून आणायचे हा होता. मी अंगणात गेले आणि पाहिले, पैनगंगेचे गोटे मोगऱ्याच्या बुंध्याशी मातीत रुतून पडले होते. त्यांच्यावरचे जीवाणू उन्हात केव्हाच मेले असणार. पण गोटे तेच होते. आम्ही मोगऱ्यावर कधी औषध फवारत नाही, म्हणूनच ते परत घेण्याचे धाडस केले. ज्या मातीत कीटकनाशक किंवा रासायनिक खत पडले असेल तेथील दगड टाकीत कधीही घालू नयेत. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही आठवण ताजी आहे. ज्या घरात कपाशीची शेती आहे तेथे फवारणीची बादली, मग वा नळी माशांच्या कामाला चुकूनही घेऊ नये. टाकीसाठी एक बादली वेगळी ठेवावी, तिच्यावर रंगाने खूण करावी आणि तिला साबणही लावू नये.

संक्रांतीनंतर मी ते गोटे घमेल्यात भरून मामाजींसमोर ठेवले आणि म्हटले, "मामाजी, हे निवडून द्या. मोठे वेगळे, बारके वेगळे." मला वाटले, दोन मिनिटांत कंटाळतील. ते सव्वा तास बसले. एकेक गोटा अंगठ्याने पुसून, उजेडाकडे धरून, दोन परातींत लावत गेले. मध्येच एक हातावर तोलून म्हणाले, "उमरखेडचा हाय." कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून गावाचे नाव आले नव्हते. येथे एक सावधगिरी सांगायला हवी: स्मृतिभ्रंशाच्या रुग्णापुढे बारीक खडे ठेवायचे तर आपण समोरून हलू नये, कारण खडा तोंडात जाण्याची भीती असते. पाणी तपासण्याची रसायने आणि क्लोरीन घालवण्याचे थेंबही कुलपात ठेवावेत.

निवडलेले गोटे साबणाशिवाय नुसत्या पाण्यात, बादलीतील पाणी नितळ दिसेपर्यंत, सात-आठ वेळा खळबळून धुतले. ते उकळण्याच्या मोहात पडू नये. दगडातील ओलावा तापून दगड तडकू शकतो. तळावर पाच सेंटिमीटरचा थर द्यायचा तर आमच्या टाकीला साधारण १४ किलो खडी लागते. एका हिश्श्याला पाच किलोच्या आत. हा हिशेब ज्येष्ठांसाठी मुद्दाम सांगते, कारण पाच किलोही एका खेपेत उचलायचे नसतात. पाण्याचे एक लिटर म्हणजे एक किलो. भरलेली टाकी जागची हलवण्याचा विचारही करू नये, आणि बादली अर्ध्याहून अधिक भरू नये. कमरेत वाकून नव्हे, तर स्टुलावर बसून काम करावे. फरशीवर सांडलेले पाणी लगेच पुसावे. आपल्या वयात माशांपेक्षा घसरण्याची भीती मोठी.

आमच्या कामाचा क्रम असा होता. आदल्या दिवशी माशांना अन्न दिले नाही, म्हणजे पाणी कमी मळते. नळाचे पाणी दोन दिवस आधी उघड्या पिंपात सावलीत साठवले, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर मासेविक्रेत्यांकडे मिळणारे सोडियम थायोसल्फेटचे थेंब वापरता येतात. कामाच्या दिवशी प्रथम फिल्टरची आणि दिव्याची वायर बोर्डातून काढली. नुसते बटण बंद करून भागत नाही. मग जाड पारदर्शक नळी पाण्याने भरून, दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबून, एक टोक टाकीत आणि दुसरे खाली बादलीत सोडले. नळीला तोंड लावून पाणी ओढण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडावी, कारण टाकीच्या पाण्यात पोटात जाऊ नयेत असे जीवाणू असतात. तिसरा भाग पाणी स्वच्छ बादलीत काढून राखून ठेवले. मग टाकीचा डावा तिसरा हिस्सा प्लास्टिकच्या पट्टीने अडवून तेवढीच चुरी छोट्या मगाने अलगद काढली, पुढच्या दोन हिश्श्यांना हात लावला नाही. रिकाम्या जागी ओले गोटे वाटीवाटीने तळाशी नेऊन ठेवले; वरून ओतले नाहीत. काढलेल्या चुरीतील दोन मुठी मच्छरदाणीच्या तुकड्यात बांधून फिल्टरशेजारी टांगल्या, जेणेकरून तिच्यावरील जीवाणू नव्या गोट्यांवर वस्ती करतील. मच्छरदाणीचा तुकडा पाहून मामाजी हसले. राखलेले पाणी परत घातले, कमी पडले तेवढे पिंपातील भरले आणि तासाभरात फिल्टर सुरू केला. त्या दिवशी स्पंजाला हात लावला नाही. स्पंज धुवायचा तर दुसऱ्या आठवड्यात, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळून.

एवढ्या थोड्या कामासाठी मासे बाहेर काढावे लागत नाहीत. मात्र तळाशी काळा, कुजक्या वासाचा थर असेल, जसा पूर्वी आमच्याकडे होता, तर आधी मासे टाकीच्याच पाण्यासह झाकलेल्या बादलीत काढून ठेवावेत. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि थर ढवळला की तो माशांचा जीव घेऊ शकतो.

त्यानंतर आठवडाभर मी रोज सकाळी तपासणीच्या थेंबांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजून कॅलेंडरवर लिहीत गेले. दोन्ही शून्य असले पाहिजेत. तिसऱ्या दिवशी अमोनियाचा किंचित रंग आला, तेव्हा चौथा भाग पाणी बदलले आणि अन्न चिमटीचे अर्धे केले. पाचव्या दिवशी पुन्हा शून्य. तीन आठवड्यांनी मधला हिस्सा, आणखी तीन आठवड्यांनी उजवा. होळीच्या आत काम पुरे झाले. एकही मासा दगावला नाही. उन्हाळ्यात हे काम काढू नये असे सरांचे आग्रहाचे सांगणे होते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि मासे आधीच थकलेले असतात.

आरोग्याची एक गोष्ट या पाक्षिकात सांगितलीच पाहिजे. माशांच्या टाकीतील पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरीनम नावाचा, क्षयाच्या जंतूच्या कुळातील जीवाणू असू शकतो. अ‍ॅरन्सन या शास्त्रज्ञाने १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत तो प्रथम ओळखला. हाताला खरचटलेले असेल आणि तो हात टाकीत घातला, तर काही आठवड्यांनी बोटावर वा मनगटावर गाठ किंवा न भरणारी जखम होऊ शकते. ही व्याधी क्वचित होते आणि औषधांनी बरी होते, पण ओळखायला उशीर लागतो, कारण रुग्ण डॉक्टरांना माशांबद्दल सांगतच नाही. मधुमेह असणाऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. इतरांनीही कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकीचे सामान स्वयंपाकघरातील मोरीत धुऊ नये. आणि हातावर न भरणारी जखम दिसली तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे: "आमच्या घरी माशांची टाकी आहे."

टाकीसमोर मामाजी का जेवत, याचे उत्तरही मला त्याच काळात मिळाले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि अ‍ॅलन बेक यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या निवासगृहांतील भोजनकक्षात माशांच्या टाक्या ठेवल्यावर रुग्णांचे जेवण वाढले आणि वजनही वाढले, असे त्यांना आढळले. हलणारे रंग त्यांचे लक्ष खिळवून ठेवत आणि ती माणसे बसून जेवत. आमच्या बैठकीत हा प्रयोग कित्येक वर्षे चालू होता आणि तो मी स्वतःच्या हातांनी बंद पाडला होता. डॉक्टरांनी विचारले होते, घरात काही बदल झाला का. मी नाही म्हटले होते.

खरे तर बदल टाकीपुरताही नव्हता. त्याच दिवाळीत मी मामाजींची खोली नव्याने लावली होती. जुनी लोखंडी खाट काढून दिवाण आणला, खाटेची दिशा बदलली, हिरव्या भिंतींना पांढरा रंग दिला, खुंटीवरची सायकलची घंटा आणि जुने कॅलेंडर काढून टाकले. सारे त्यांच्या सोयीसाठीच. त्यानंतर ते रात्री उठून भिंती चाचपडत, न्हाणीघराऐवजी कपाटाशी जाऊन उभे राहत, आणि एकदा दारात पडले. हाड मोडले नाही हे आमचे नशीब. मी ते आजाराच्या खाती टाकले. आजार होताच, पण अंधारात ज्या खुणांवर त्यांचे पाय विसंबून होते त्या मी एका दिवसात धुऊन काढल्या होत्या, हे मला टाकीने शिकवले.

मग खोलीलाही तोच हिशेब लावला. आधी खाटेची दिशा पूर्ववत केली. तीन आठवड्यांनी घंटा आणि कॅलेंडर खुंटीवर आले. दिवाण राहिला, कारण तो उंचीला सोयीचा होता आणि त्यांना आता सरावाचा झाला होता. न्हाणीघराच्या वाटेवर रात्रीचा छोटा दिवा लावला. ही एकच नवी गोष्ट. ज्यांच्या घरी असे वृद्ध आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की बदल करूच नये असे नाही. काळा थर धरला की गोटे बदलावेच लागतात, आणि पाय घसरत असेल तर खोलीही. पण हात घालण्यापूर्वी पाहावे, या पसाऱ्यातील काय या माणसाला धरून आहे. ते राखून, थोडे थोडे, आणि प्रत्येक खेपेनंतर थांबून त्यांच्याकडे पाहत करावे.

तिसरा हिस्सा पूर्ण झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वेताची खुर्ची टाकीसमोर ठेवली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेले. उरलेल्या चार माशांत दोन माद्या होत्या; गप्पी पिलेच घालतात आणि महिन्या-महिन्याने घालतात. काळ्या गोट्यांवरून, वल्लीच्या आडोशाने, दाण्याएवढी पिले फिरत होती. मामाजी येऊन बसले. काचेवर बोट टेकवून त्यांनी मोजायला सुरुवात केली. मी दारातून पाहत होते. बोट पुढे जाई, मागे येई, पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. पिले काही केल्या एका जागी थांबेनात.

शेवटी त्यांनी हात खाली घेतला. "सूनबाई," ते म्हणाले, "लय झाले आता. मोजता येत नाई." आणि बशीसाठी हात पुढे केला.